बाविस्करांच्या कातडीची चौकशी

बाविस्करांना पहिली खाज सुटली ती एका सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, उत्पादन आढाव्याच्या बैठकीत.

खाज पाठीला सुटली तर माणूस दुसऱ्याला सांगतो. हाताला सुटली तर चारचौघांत खुशाल खाजवतो. बाविस्करांना ती जिथे सुटली, तिथे बैठकीत बसलेल्या सभ्य माणसाला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे पाय बदलून बसणं. बाविस्करांनी वीस मिनिटांत अकरा वेळा पाय बदलले. शेवटी प्लांटचे मोठे साहेब पडद्यावरच्या आकड्यांवरून नजर काढून म्हणाले, "बाविस्कर, हे आकडे पटत नाहीत का तुम्हाला?"

"पटतात ना सर."

"मग एवढे अस्वस्थ का? काही असेल तर आत्ता बोला."

बाविस्कर काय बोलणार? ते गप्प बसले, आणि त्यांच्या गप्प बसण्यात काहीतरी अर्थ असणार असं वाटून साहेबांनी मे महिन्याचे सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासायला लावले. त्यात खरोखरच एक चूक सापडली. बाविस्करांची वाहवा झाली. ती त्यांनी डावा पाय उजव्यावर टाकून स्वीकारली.

ज्ञानेश बाविस्कर मूळचे चोपड्याचे. सोळा वर्षांपूर्वी बोईसरला आले ते तारापूरच्या एमआयडीसीत, कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात, आणि आता तिथल्या लॅबचे उपप्रमुख होते. घरी आई इंदुबाई, बायको प्रतीक्षा आणि दोन बेडरूमचा फ्लॅट. माणूस स्वभावाने सज्जन. त्यांचा एकच दोष होता. स्वतःच्या प्रतिष्ठेविषयी त्यांच्या कल्पना फार मोठ्या होत्या, आणि ज्या जागी त्यांना नायटा झाला ती जागा प्रतिष्ठेला अजिबात मानवणारी नव्हती.

संध्याकाळी ते घरापासून चार गल्ल्या लांबच्या मेडिकलमध्ये गेले. जवळच्या दुकानात ओळख होती. गर्दी ओसरेपर्यंत त्यांनी खोकल्याच्या गोळ्या पाहण्याचं नाटक केलं आणि मग हळूच म्हणाले, "जरा खाजेवर काहीतरी द्या."

"कुठे आहे?" दुकानदाराने विचारलं. दुकानदारांना हळू बोलता येत नाही.

"मला नाही. मित्राला आहे."

"हो, पण मित्राला कुठे?"

बाविस्करांनी थोडा विचार केला. "मित्राला... सर्वसाधारण ठिकाणी आहे."

दुकानदाराने वर न बघता एक ट्यूब काउंटरवर टाकली. खाज, सूज, जंतू आणि बुरशी, चौघांचा एकाच ट्यूबमध्ये बंदोबस्त होता. आणि खरंच, तीन दिवसांत पुसून टाकावं तसं सगळं गेलं. बाविस्करांनी ट्यूब कपाटात, आयकरच्या फायलीमागे ठेवून दिली. आठव्या दिवशी खाज परत आली ती सहकुटुंब. आधी रुपयाएवढं असलेलं वर्तुळ आता बशीएवढं झालं होतं. पुन्हा ट्यूब, पुन्हा तीन दिवसांचा आराम, पुन्हा स्वारी. असं चार वेळा झालं आणि बशीचं ताट होऊ लागलं.

घरात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण समोरच्या फ्लॅटमध्ये बन्सीकाका राहत होते. बन्सीकाकांनी अणुऊर्जा केंद्रात तीस वर्षं नोकरी करून नुकतीच निवृत्ती घेतली होती आणि आता सगळं लक्ष सोसायटीकडे वळवलं होतं. एका सकाळी जिन्यात त्यांनी बाविस्करांना अडवलं.

"बाविस्कर, चाल बदलली तुमची."

"नवीन बूट आहेत, काका."

"बुटाने माणूस पावलात लंगडतो. तुम्ही फाकून चालताय." काकांनी आवाज खाली आणला, म्हणजे फक्त दोन मजल्यांना ऐकू जाईल इतका. "जांघेत आहे ना? लाजू नका. मी तीस वर्षं अशा ठिकाणी काम केलंय, जिथे घरी निघताना अंगाला काही चिकटलंय का ते मशीन सांगायचं. कातडीतलं मला कळतं. ओला लसूण घ्या, वाटा, लावा. वीस मिनिटं. हलायचं नाही."

रविवारी घरातली मंडळी बाजारात गेलेली पाहून बाविस्करांनी हा प्रयोग केला. लॅबमधल्या माणसाला साजेसं घड्याळ समोर ठेवलं. पहिली चार मिनिटं काहीच झालं नाही. पाचव्या मिनिटाला जरा ऊब वाटली. सातव्या मिनिटाला बाविस्कर न्हाणीघरात होते आणि बादलीमागून बादली ओतत होते. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

"ज्ञाना, लसणाचा वास कुठून येतोय रे? मी तर फोडणी दिली नाही अजून."

"बाहेरून येतोय, आई," बाविस्कर आतून म्हणाले. त्यांच्या आवाजाला त्या वेळी जो सूर लागला, तो त्यांना एरवी गणपतीच्या आरतीतही लागत नसे.

दुसऱ्या दिवशी ते घोड्यावरून नुकत्याच उतरलेल्या नवरदेवासारखे कारखान्यात शिरले आणि थेट कंपनीच्या दवाखान्यात गेले. इथून त्यांच्या दुखण्याला खरी सुरुवात झाली, कारण आतापर्यंत ते फक्त कातडीवर होतं. आता ते कागदावर आलं.

कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. लसणाने भाजलेली, चार ट्यूबांनी बिघडलेली ती जागा पाहून त्यांना काही अंदाज येईना. त्यांनी विचारलं, "केमिकलशी संबंध येतो?"

"डॉक्टर, मी लॅबमध्येच आहे."

"असं होय!" डॉक्टरांनी खण उघडून एक छापील फॉर्म काढला. रंगाच्या कारखान्यात कातडीचं दुखणं म्हटलं की तो फॉर्म भरावाच लागतो, मग ते दुखणं कसलंही असो. फॉर्मवर माणसाची दोन चित्रं होती, एक पुढून, एक मागून. दुखऱ्या जागी लाल फुली मारायची होती. डॉक्टरांनी ती मारली, आणि पेन नीट चालेना म्हणून दोनदा गिरवली. फॉर्मच्या चार प्रती निघाल्या. चारींवर 'गोपनीय' असा ठळक शिक्का मारण्यात आला. त्यामुळे त्या सगळ्यांनी वाचल्या.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये युनियनचे धर्माजी त्यांच्या टेबलाशी येऊन बसले. धर्माजी घिवलीचे, बावीस वर्षं ऑपरेटर, अंगाने आडवे आणि आवाजाने उभे.

"साहेब, आमाला सगला समजला."

"काय समजलं?" बाविस्करांचा घास तोंडातच थांबला.

"कागद बघला मी. तुमी साहेब लोक, तुमी बोलनार नाय. पन आमी काय मेलो हाय? आज तुमची कातडी, उद्या आमची. ह्या गोष्टीला वाचा फुटाया पायजे."

"धर्माजी, वाचा वगैरे नको. साधी गोष्ट आहे."

"साधी? तिकडं साधी?" धर्माजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात एवढी माया होती की बाविस्करांना खरं सांगवेना. शिवाय खरं काय ते त्यांनाही अजून ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना गेट मीटिंग झाली. बाविस्कर पहिल्या मजल्यावर लॅबच्या खिडकीत उभे होते. पावसात छत्र्या धरून दीडशे माणसं जमली होती. धर्माजींनी कातडीवर दहा मिनिटं भाषण केलं. मग पॅकिंग खात्यातल्या एका उत्साही गड्याने मुठी आवळून घोषणा दिली, "बाविस्कर साहब की खुजली!" आणि दीडशे गळे गरजले, "कंपनी की जिम्मेदारी!"

बाविस्करांनी पडदा ओढून घेतला. सोळा वर्षांत कंपनीने त्यांचं नाव एकदाही इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं.

बोईसर काही मोठं गाव नाही. प्रतीक्षाला ती घोषणा भाजीवालीकडून कळली, तीही चालीसकट. घरी येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली.

"अहो, अख्ख्या एमआयडीसीला माहीत आहे. मला तेवढं माहीत नाही."

"मी सांगणारच होतो."

"कधी? मोर्चा मंत्रालयावर गेल्यावर?" ती म्हणाली. "उद्या सुट्टी टाका. पालघरला जाऊ."

पालघरला माहीम रस्त्यावर डॉक्टर प्रेमला चुरींचा त्वचारोगांचा दवाखाना होता. बाई केळव्याच्या, साठीला टेकलेल्या, अंगावर सुती साडी, आणि बोलणं वाडीतल्या माणसांसारखं सरळ. त्यांनी दिव्याखाली पाहिलं, चार ट्यूबांचा इतिहास ऐकला, लसणाचाही ऐकला आणि हसल्या नाहीत. बाविस्करांना त्या क्षणी त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो शेवटपर्यंत टिकला.

"ह्या मिक्स ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं," बाई म्हणाल्या. "लाली उतरते, खाज थांबते, आणि बुरशी खाली मजेत वाढते. तुम्ही तिला औषध देत नव्हता, खाऊ देत होता."

मग त्यांनी एका पातीने कडेची थोडी पापुद्र्यासारखी कातडी खरवडली, काचेवर घेतली, वर दोन थेंब टाकले आणि आतल्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांनी हाक आली, "लॅबवाले ना तुम्ही? या, बघा."

बाविस्करांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुन्या भिंतीत पिंपळाची मुळं पसरावीत तसे बारीक, फांद्या फुटलेले धागे काचभर पसरले होते. ते बराच वेळ बघत राहिले. दीड महिना ज्या गोष्टीची लाज बाळगली ती ही एवढीशी, एवढी नीटनेटकी गोष्ट होती. लाज वाटायची राहिली बाजूला, त्यांना तिचं चित्र काढावंसं वाटलं.

"म्हणजे रंगाचा, केमिकलचा काही संबंध नाही?"

"काडीचाही नाही. हा नायटा. पावसाळ्यात माझ्याकडे येणारं प्रत्येक तिसरं माणूस हेच घेऊन येतं. घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही," बाविस्कर ठामपणे म्हणाले.

"मला आहे," प्रतीक्षा म्हणाली. "ब्लाउजच्या काठाखाली. महिना झाला."

बाविस्कर वळले. "तू बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लिहायला घेतलं. गोळ्या सहा आठवडे. मलम दिवसातून दोनदा, दिसणाऱ्या वर्तुळाच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं, आणि सगळं गेल्यासारखं वाटलं तरी पुढे दोन आठवडे थांबायचं नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं झाल्यावरच कपडे चढवायचे. सैल, सुती. आणि आतले कपडे गरम पाण्यात वेगळे धुवायचे, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे, ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची.

"आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. एक जरी राहिला तरी तुम्ही बरे व्हाल आणि परत पकडाल."

इंदुबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "मला काय झालंय? मी बाई घरात असते. मला नको तुमचा डॉक्टर," म्हणून त्यांनी विषय तिथेच संपवला.

गोळ्या, मलम, टॉवेल सगळं जमलं. पण कपड्यांचं काय करायचं? पालघर जिल्ह्यात जुलै महिन्यात कडक ऊन मागणं म्हणजे उपाशी माणसाकडे जेवणाचं आमंत्रण मागण्यासारखं आहे. गॅलरीत दोऱ्या, हॉलमध्ये दोऱ्या, पंख्याखाली दोऱ्या. चार दिवस झाले तरी कपडे ओले ते ओलेच, वर त्यांना एक कुबट वास. इस्त्री करावी तर वीज जाई. एकदा प्रतीक्षाने तव्यावर टाकण्याचा विचार बोलून दाखवला, पण तवा भाकरीचा असल्याने इंदुबाईंनी तो हाणून पाडला.

बाविस्करांच्या लॅबच्या कोपऱ्यात एक जुना ओव्हन होता. नवीन आल्यापासून तो कुणी वापरत नसे, पण चालू होता. साठ अंशांवर दोन तास ठेवला की कोणताही नमुना खडखडीत वाळत असे. बाविस्करांनी दोन दिवस स्वतःशी झगडा केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डब्याच्या पिशवीतून चार चड्ड्या लॅबमध्ये गेल्या.

इथे त्यांचा प्रामाणिकपणा आड आला. लॅबचा नियम असा की लेबल लावल्याशिवाय कोणतीही वस्तू ओव्हनमध्ये ठेवायची नाही. हा नियम बाविस्करांनीच केला होता. त्यांनी चारींना दोऱ्याने लेबलं बांधली. 'नमुना क्र. १ ते ४. साठ अंश, दोन तास. ज्ञा. बा.'

आणि गेट मीटिंगनंतर कंपनीने नेमलेली चौकशी समिती त्याच दिवशी लॅबच्या पाहणीला आली.

समितीत तिघे होते. मनुष्यबळ खात्याचे व्यवस्थापक भाग्येश देवस्थळी, सुरक्षा अधिकारी आणि कामगारांच्या वतीने धर्माजी. बाटल्या, कपाटं, हातमोजे पाहून झाले. देवस्थळी हे फार शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी कोपऱ्यातल्या ओव्हनकडे बोट दाखवलं, "यात काय आहे?"

"काही नमुने वाळत आहेत," बाविस्कर म्हणाले, आणि ते पूर्णपणे खरं होतं.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी दार उघडलं. आत चार चड्ड्या जाळीवर शिस्तीत पसरल्या होत्या. ओव्हनची घंटा वाजली, दोन तास पूर्ण झाल्याची.

"पुरावा!" धर्माजी भारावून म्हणाले. "साहेबांनी पुरावा सांबालून ठेवला!"

देवस्थळींनी ते नमुने चिमट्याने प्लास्टिकच्या पिशवीत भरून सीलबंद करायला लावले. कापडात रंगाचा अंश आहे का ते तपासायचं ठरलं. अशी तपासणी करणारी लॅब कारखान्यात एकच होती. त्यामुळे संध्याकाळी ती पिशवी पत्रासह बाविस्करांच्याच टेबलावर आली. माणूस स्वतःच्या चड्डीचं रासायनिक पृथक्करण करतोय आणि त्यावर सही करतोय, असा प्रसंग सोळा वर्षांत आला नव्हता. पण खोटा अहवाल द्यायचा हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तपासलं, लिहिलं. ओलावा: नाही. निळ्या रंगाचा अंश: अत्यल्प, पण आढळला.

तो अंश पाहून ते स्वतःही चक्रावले. घरी येऊन न्हाणीघरात बादलीशेजारी निळीची बाटली पाहिली तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर आलं. प्रतीक्षा पांढरे कपडे निळीत काढत असे. पण अहवाल तोवर वर गेला होता, आणि वरच्यांनी निळा शब्द वाचल्यावर पुढचं वाचलं नव्हतं. शुक्रवारी आदेश निघाला. लॅब आठ दिवस बंद, धुलाई आणि फेरतपासणी. कायम लोकांनी दुसऱ्या खात्यात बसावं. कंत्राटी लोकांना त्या दिवसांत येण्याची गरज नाही.

भागी लॅबमध्ये कंत्राटावर काचेची भांडी धुवायची. सात वर्षं रोज कंबरेएवढ्या हौदाशी उभी राहून ती चंचुपात्रं घासत होती. आदेश वाचून दाखवल्यावर तिने हात पदराला पुसले आणि बाविस्करांच्या टेबलाशी आली.

"साहेब, आठ दिस नाय यायचा?"

"हो, असं म्हणतायत."

"मग आमी आठ दिस काय करू?" ती म्हणाली. चिडून नव्हे, रडूनही नव्हे, खरोखर माहीत नसल्यासारखं विचारलं तिने. बाविस्करांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, ओली, सोललेली होती. सात वर्षांत त्यांनी तिची भांडी स्वच्छ आहेत का ते रोज पाहिलं होतं. हात कधी पाहिले नव्हते.

त्यांच्या खिशात डॉक्टरबाईंचा कागद पंधरा दिवसांपासून होता. त्यावर 'नायटा' असं स्वच्छ लिहिलं होतं. तो दाखवला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. नाही दाखवला, कारण केमिकलने भाजलेला माणूस हुतात्मा वाटतो आणि नायटा झालेला माणूस नायटा झालेला वाटतो. हा विचार त्यांनी आतापर्यंत स्वतःशीही पुरता उच्चारला नव्हता. तो आता उच्चारला गेला आणि त्यांना तो फारच क्षुद्र वाटला.

ते उठले आणि बैठकीच्या खोलीत गेले. समिती बसलेलीच होती, मोठे साहेबही होते.

"सर, मला बोलायचं आहे," बाविस्कर म्हणाले. बसले नाहीत. "मला नायटा झालाय. जांघेत. कंपनीच्या रंगाने नाही. ओल्या कपड्यांनी, आणि चार वेळा चुकीची ट्यूब लावली म्हणून वाढला. निळा रंग आमच्या घरच्या बादलीतला आहे. हा डॉक्टरांचा कागद. मी तो आधी दाखवला नाही, कारण मला लाज वाटत होती. लॅब बंद करू नका."

धर्माजींचा चेहरा पडला होता. एवढी उभी केलेली चळवळ डोळ्यांदेखत बसताना पाहणं सोपं नसतं.

"म्हंजे कंपनीचा दोष नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जरापन नाय?"

बाविस्करांना भागीचे हात आठवले. "जरा आहे," ते म्हणाले. "पावसात लोक भिजून येतात. तोच न वाळलेला, जाड गणवेश आठ-आठ तास अंगावर. गमबुटात पाणी. भांडी धुणाऱ्यांना आत सुती आणि वर रबरी असे हातमोजे मिळत नाहीत. दिवसभर अंग ओलं राहिल्यावर बुरशी येणार नाही तर काय? बॉयलरच्या मागे एक खोली रिकामी आहे. गरम असते. तिथे दोऱ्या बांधल्या तर गणवेश तासाभरात वाळतील."

धर्माजी ताडकन सरळ बसले. "लिवून घ्या!" ते देवस्थळींना म्हणाले. "कपडे वालवायची खोली. आनी हातमोजे. आमची मागनी हाय."

मोठ्या साहेबांनी थोडा वेळ टेबलाकडे पाहिलं, आणि कुणाचंच लक्ष नाही असं समजून खुर्चीत पाय बदलला. मग म्हणाले, "होऊन जाऊ दे."

लॅब बंद झाली नाही. बाविस्करांना 'कंपनीच्या उपकरणांचा वैयक्तिक कपड्यांसाठी वापर' या मथळ्याचं समजपत्र मिळालं, आणि सील केलेली पिशवी पोचपावतीवर सही घेऊन परत करण्यात आली. भागीला त्यांनी नव्या हातमोज्यांच्या दोन जोड्या दिल्या आणि पालघरच्या दवाखान्याचा पत्ता दिला. धर्माजींनी नवी घोषणा तयार केली, पण ती यमकात बसेना म्हणून सोडून दिली.

तीन आठवड्यांनी पुन्हा पालघरला जायचं होतं. बाविस्करांची बशी पुन्हा रुपयाएवढी झाली होती. या वेळी प्रतीक्षाने सासूबाईंना काही विचारलंच नाही. रिक्षा दारात आणली आणि म्हणाली, "आई, तुमच्याशिवाय आम्ही बरे होणार नाही. बसा."

दवाखान्यात बरीच गर्दी होती. कोपऱ्यात एक गृहस्थ पेपर चेहऱ्यापुढे उभा धरून बसले होते. पेपर उलटा होता. बाविस्करांनी बूट ओळखले.

"देवस्थळी साहेब?"

पेपर खाली आला. "अरे, बाविस्कर! मी जरा... केस गळतायत म्हणून आलो होतो."

देवस्थळींच्या डोक्यावर गेली दहा वर्षं एकही केस नव्हता. बाविस्करांनी तिकडे अजिबात पाहिलं नाही. "हवा वाईट आहे सध्या," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने देवस्थळी पेपर घडी करत हळूच म्हणाले, "गोळ्यांनी खाज किती दिवसांत थांबते हो?" बाविस्करांनी सगळं समजावून सांगितलं, दोन बोटं बाहेर लावायचं तेही.

इंदुबाई डॉक्टरबाईंबरोबर आत गेल्या त्या पंधरा मिनिटं आल्याच नाहीत. मग बाईंनी मुलाला आणि सुनेला आत बोलावलं. इंदुबाई खुर्चीत पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या, शाळेत पकडलेल्या मुलीसारख्या.

"आजींच्या कमरेला आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "परकराच्या नाडीखाली, सगळीकडून. दोन वर्षं झाली म्हणतायत."

"दोन वर्षं?" बाविस्कर खाली बसले. "आई, एवढी खाज घेऊन दोन वर्षं... आम्हाला सांगायचं नाही?"

इंदुबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या सासूला झालं होतं हे. मी नवी होते तेव्हा. घरातल्यांनी तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. ओसरीवर बसून जेवायची. मरेपर्यंत. मीच वाढायचे तिला, लांबून." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हटलं, आपलं तसं नको."

प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि डॉक्टरबाई नेहमीच्या सरळ आवाजात म्हणाल्या, "आजी, टॉवेल वेगळा. ताट वेगळं नाही. जेवणातून हे पसरत नाही, कुणी काही सांगो."

परतताना पाऊस उघडला होता. प्रतीक्षाने पालघर नाक्याला रिक्षा थांबवून एक प्लेट कांदाभजी घेतली. एकच घेतली. सासूच्या मांडीवर कागद ठेवून दोघी त्यातून खात होत्या. इंदुबाईंनी आधी दोनदा हात मागे घेतला, मग घेतला नाही. बाविस्करांना एकही भजी मिळाली नाही, पण त्यांनी त्याबद्दल पहिल्यांदाच तक्रार केली नाही.

ऑक्टोबर उजाडला. ऊन पडलं, असं पडलं की गॅलरीतल्या दोऱ्यांवर कपडे तासात कडकडीत होऊ लागले. तिघांच्याही गोळ्या संपल्या, वरचे दोन आठवडेही संपले, आणि डॉक्टरबाईंनी तिघांना दिव्याखाली पाहून "आता पुढच्या पावसाळ्यात काळजी घ्या, भेटायला येऊ नका," असं सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी बाविस्कर जेवून सोफ्यावर आडवे झाले होते. पाय पसरून, न बदलता. इंदुबाईंनी चोपड्याला बहिणीला फोन लावला. रेंज मिळावी म्हणून त्या गॅलरीत गेल्या, आणि चोपडा लांब असल्याने मोठ्याने बोलू लागल्या.

"अगं, नायटा झाला होता मला! हो, हो, नायटा! कमरेला! दोन वर्षं!... ज्ञानालाही झाला होता, सुनेलाही! सगळ्यांना!... लाज कसली त्यात? बुरशी असते ती, भिंतीला येते तशी!... तुला आहे? कुठे?... मग बोलली का नाहीस, मेले? थांब, सांगते. कागद-पेन घे. आधी ती मेडिकलमधली ट्यूब फेकून दे..."

खालच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. समोर बन्सीकाकांच्या घरातला टीव्ही बंद झाला. वरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालता घालता थांबलं. सगळी सोसायटी कान देऊन ऐकत होती आणि इंदुबाई आता टॉवेलापर्यंत आल्या होत्या.

बाविस्कर उठले. ते गॅलरीच्या दारापर्यंत गेले, दार लोटायला हात पुढे केला. प्रतीक्षाने स्वयंपाकघरातून येऊन तो हात धरला.

"बोलू द्या हो त्यांना," ती हसत म्हणाली. "दोन वर्षांचं साठलंय."

बाविस्करांनी दार सताड उघडलं आणि आईसाठी खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.